मामाला आपला आवाज पुसायचा होता

यशवंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या डीव्हीडी रायटरमध्ये डिस्क फिरत होती. सकाळ होती. मालाडच्या आमच्या घरात आई विळीवर भेंडी चिरत होती आणि मी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे टक लावून बसले होते. पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकत होती, आणि आधीच्या डिस्क तिथेच येऊन अडकल्या होत्या. फोनवर मामीचं नाव दिसलं आणि ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, 'मामाला सांग, चाललंय. या वेळी होईल बहुतेक.' पलीकडून मामी म्हणाली, 'कुणाला सांगू गं?' आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहून विळी आडवी केली. तिचा धाकटा भाऊ. आम्ही दोघी तशाच उठलो, चपला घातल्या. दाराला कुलूप लावत होतो तेव्हा आत रायटरने खट्ट करून तयार डिस्क बाहेर ढकलली. जिच्यासाठी मामाने शेवटचे महिने जीव टांगणीला लावला होता ती डिस्क एकदाची झाली, आणि ती उचलायला कुणी थांबलं नाही.

मामा मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या लोकांच्या वसाहतीत राहायचा. महापालिकेच्या पाणी खात्यात तो चावीवाला होता, म्हणजे रस्त्यातलं झाकण उचलून लांब लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मग गल्लीतल्या नळांना पाणी यायचं. हे झालं पोटाचं काम. जिवाचं काम वेगळं होतं. दुबईहून परतलेल्या एका मित्राने त्याला वापरलेला हँडीकॅम दिला होता आणि त्या दिवसापासून वसाहतीतली लग्नं, नामकरणं, विहारातले कार्यक्रम, शाळेची गॅदरिंगं, सगळं तो टिपत सुटला. कुणाकडून काही घेतलं नाही. 'इकडे बघा' असं तो कधी कुणाला म्हणाला नाही. हार घालताना थांबवलं नाही, घास भरवताना परत भरवायला लावलं नाही. 'जे चाललंय ते चालू द्या, मी इथं नाहीच,' असं म्हणून तो एका डोळ्याने कॅमेऱ्यात शिरायचा. त्यामुळे त्याच्या शेकडो तासांच्या टेपांमध्ये सगळी वसाहत आहे आणि तो स्वतः कुठेच नाही, असं आम्ही समजत होतो.

त्याच्या शेजारी अनुसयामावशी राहतात. त्यांच्या मुलाच्या, मिलिंदच्या लग्नात पैसे मोजून व्हिडिओवाला आणला होता. त्या वेळी अशा कॅसेटींची एक रीत होती, ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल. खरा आवाज पार पुसून टाकायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवायची. कोण काय बोललं, कोण रडलं, भाषणात कुणी काय सांगितलं, काही ऐकू येत नाही. नुसती तोंडं हलतात. मिलिंदच्या लग्नात बौद्धाचार्य यायला उशीर झाला आणि त्यात लाइट गेली, म्हणून माइकही नाही. मंडळी ताटकळली. तेव्हा नवऱ्या मुलाची धाकटी बहीण सुजाता पुढे झाली आणि म्हणाली, मी घेते वंदना. मुलीने वंदना घ्यायची का यावर दोनचार म्हातारे कुरकुरले, पण ती थांबली नाही. ती एकेक ओळ म्हणत गेली आणि मांडवातले सगळे तिच्यामागून म्हणत गेले. दुसऱ्याच वर्षी सुजाता काविळीने गेली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. हलताबोलतानाची तिची एकच आठवण मागे राहिली, ती लग्नाची कॅसेट. तिच्यात सुजाता डोळे मिटून, हात जोडून वंदना म्हणते आहे आणि तिच्या तोंडून एक प्रेमगीत बाहेर पडतं आहे, तेही पुरुषाच्या आवाजात. एका आईने वर्षानुवर्षं आपल्या मुलीला असं पाहिलं. मला याचा आजही संताप येतो. लग्न आमचं, वंदना आमची, मुलगी आमची, आणि आवाज तेवढा बाजारातून आणलेला. आमच्या तोंडचं आम्हालाच ऐकण्यासारखं वाटत नव्हतं, इतकं आमच्या मनावर कुणी बिंबवलं होतं?

मागच्या वर्षी मावशींना कमी ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एक कान गेलाच आहे, दुसराही जाईल, मशीन लावलं तरी फार उपयोग होणार नाही. मावशी हे सांगायला मामीकडे आल्या होत्या आणि सांगता सांगता सहज म्हणाल्या, 'जाऊ दे ना. मला ऐकायचंय तरी काय आता. जे ऐकायचं होतं त्याच्यावर त्या मेल्यानं गाणं घातलं.' मामा कोपऱ्यात औषधाच्या गोळ्या मोजत बसला होता. मागच्याच हिवाळ्यात त्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती. तो गोळ्या तशाच ठेवून उठला आणि म्हणाला, 'वहिनी, त्या लग्नाला मी पण कॅमेरा घेऊन होतो.' इतकी वर्षं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्याच्याही. ज्याने पैसे घेतले त्याची ती खरी कॅसेट, आपला यशवंत नुसता हौशी, असंच सगळे धरून चालले होते. मामा त्यांना सांगून बसला, 'तुम्हाला ऐकू येतंय तोवर सुजाताचा आवाज तुमच्या टीव्हीवर लावून देतो.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला फोन केला. 'ए पत्रक, माझी वाट लागलीय. ये लवकर.'

पत्रक हे त्याने मला दिलेलं नाव. माझे बाबा सभांच्या बाहेर चटई टाकून चळवळीच्या पुस्तिका मांडायचे, मी त्या ढिगावरच अक्षरं शिकले, आणि मामाच्या मते मी तेव्हापासून छापल्यासारखीच बोलते. मी मालाडहून लिंक रोडची बस धरून मुलुंडला गेले. मामाने माळ्यावरून पेटी काढून ठेवली होती. लग्नाची टेप सापडली होती, पण तिच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. कॅमेरा चालू झाला की आतून कण्हल्यासारखा आवाज येई. ग्रँट रोडच्या बाजारात अशा जुन्या वस्तू दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांनी टेप आणि कॅमेरा दोन्ही साफ करून दिलं आणि बजावलं, 'एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं मी सांगणार नाही.' येताना मामा टेप खिशात ठेवून वर हात दाबून चालत होता, स्वतःची छाती धरल्यासारखा. मला कळेना मी कशाची काळजी करू, त्याच्या उजव्या खिशाची की डाव्या बाजूची.

एकदाच चालणार, म्हणून आधी सगळी तालीम दुसऱ्या टेपांवर करायची असं ठरलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र घ्यायचं, ज्यात कापायचं-जोडायचं आणि ज्याने डिस्क मारायची, ते पक्कं झाल्याशिवाय सुजाताच्या टेपला हात लावायचा नाही. मला आधी हे अगदी सोपं वाटलं होतं. मी म्हटलंसुद्धा, 'मामा, डिस्क कशाला? मिलिंददादाच्या मोबाइलवर पाठवू ना.' तो म्हणाला, 'वहिनींना मोबाइल येत नाही. त्यांचा प्लेअर येतो. चकती घालायची, बटण दाबायचं. मध्ये कुणाला हाक मारावी लागता कामा नये. पोरीला बघायला कुणाची परवानगी काढायची का त्यांनी?'

तालमीसाठी आम्ही माझ्या मावसभावाच्या नामकरणाची टेप घेतली. कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी एक छोटी डबी बाजारातून आणली होती, तिच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर आधी घातलं. चित्र छान आलं. पण थोड्या वेळाने आवाज मागे पडू लागला. आधी ओठ हलायचे आणि आवाज नंतर यायचा, आणि जसजशी टेप पुढे जाई तसतसं अंतर वाढत जाई. शेवटी तर माणसं बोलून ताटावर बसली तरी त्यांचं बोलणं चालूच. मामा घामाघूम झाला. 'नाही, नाही, हे नाही चालणार,' तो पुटपुटत राहिला. 'पुन्हा तिचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे... हे वहिनींना दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं.' मामीने त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं.

दुसरं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीचं होतं, चाचणीपुरतं फुकट. आवाज जागेवर राहिला. आम्ही खूश होऊन सगळं कापलं, जोडलं आणि फाइल काढली तर बाळाच्या चेहऱ्यावर तिरक्या अक्षरात कंपनीचं नाव. बाळ रांगलं तरी ते नाव त्याच्या कपाळावरून हलेना. 'जन्मल्या जन्मल्या पोराला शिक्का,' मामा म्हणाला. 'आपल्याकडे आधीच कमी होते का?' तिसरं भाड्याचं होतं. दर महिन्याला भाडं भरायचं, थांबवलं की आपणच बनवलेली फिल्म आपल्याला उघडून बदलता येणार नाही. मी भडकले, म्हटलं, ही कसली रीत, घरातली माणसं आपली आणि त्यांना बघायला भाडं. मामाने मात्र शांतपणे एका वाक्यात निकाल लावला, 'म्हणजे चावी त्यांच्याकडे.' तरी आवाज नीट राहतो का हे बघायला आम्ही त्यात दुसऱ्या एका लग्नाची टेप घातली. त्या सॉफ्टवेअरने लग्न आहे हे आपलं आपण ओळखलं आणि न विचारता सजावट चढवली. सुरुवातीला फिरता कलश, वरून अक्षता, मागे सनई आणि संस्कृत मंत्र. आमच्या लग्नात यातलं काही नसतं. आजोबांच्या पिढीने ते मागे टाकलं, त्यासाठी गावात बोलणी खाल्ली, पाणवठ्यावर मार खाल्ला, आणि इथे कुठल्याशा यंत्राने क्षणात सगळं परत आणून आमच्या नवरा-नवरीच्या डोक्यावर ओतलं. कारण त्याच्या लेखी लग्न एकाच तऱ्हेचं असतं. मी संतापले होते आणि मामा हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला. 'अगं, यांनी त्यांचं लग्न परत लावलं गं... भटजी बोलावून.'

वसाहतीतला केबलवाला म्हणाला, कशाला डोकेफोड करता, मी सगळ्यात महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून देतो. मामा तयार झाला. मी नाही म्हटलं. त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, 'त्या कंपन्या काय धुतल्या तांदळाच्या आहेत का? त्यांनी लोकांचं कमी चोरलं?' मी म्हटलं, 'चोरलं असेल. पण बाबांनी पुस्तिका फुकट वाटल्या, चोरून नाही आणल्या. सुजाताचं नाव घेऊन आपण चोरीचं वापरायचं नाही.' 'तुझ्या तत्त्वांना डिस्क मारता येते का, ते सांग आधी,' तो म्हणाला, आणि मी घरी जाऊन तेच शोधत बसले. जगभरची माणसं एकत्र येऊन काही सॉफ्टवेअर लिहितात आणि खुली करून वाटून टाकतात, त्यातलं एक मला सापडलं. शिक्का नाही, भाडं नाही, कलश नाही. मामाला समजावलं तर तो म्हणाला, 'कळलं. तुझ्या बापासारखी माणसं. वाटत सुटायचं, वाचणार कोण ते माहीत नाही.' पडद्यावर ते उघडलं तेव्हा मात्र तो मागे सरकून बसला. नुसती बटणंच बटणं. 'यातलं कुठलं कशाचं ते एक देवच जाणे,' तो म्हणाला, 'आणि देव तर आपण मानत नाही. आता विचारायचं कुणाला?' पण आवाज जागेवर राहिला. आम्ही नामकरणाची टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिली, प्रत्येकाच्या ओठांकडे बघत. मामाने मान हलवली. हेच.

सुजाताची टेप लावायचा दिवस मी विसरणार नाही. मामीने पंखा बंद केला, मिक्सर लावायचा नाही असं शेजारी सांगून आली. लाइट जाऊ नये म्हणून मामा अधूनमधून बल्बकडे बघत होता, जणू नजरेने तो पेटता ठेवता येतो. कॅमेऱ्यावर त्याने पंजा ठेवला होता. टेप फिरायला लागली... मांडव दिसला, आडव्या रेघा, मग पुन्हा मांडव. मग सुजाता आली, डोळे मिटलेली. आणि तिचा आवाज आला. बारीक होता, पण ठाम. मामीने पदर तोंडावर धरला. मी ओठांकडे बघत होते, ओठ आणि आवाज एकत्र होते. वंदना संपून जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि कॅमेऱ्याने मोठ्याने कण्हून टेप गिळली. पुढचं काही मिळालं नाही. आम्हाला हवं होतं ते मिळालं होतं. मामा आनंदाने उड्या मारेल असं मला वाटलं, पण त्याचा चेहरा उतरला होता. 'माझा आवाज ऐकलास?' त्याने विचारलं.

ऐकला होता. न ऐकून करता काय. माइक कॅमेऱ्यावर आणि कॅमेरा मामाच्या गालाला लागलेला. सुजाता ओळ म्हणायची आणि ती पुरी व्हायच्या आतच मामाचा घोगरा आवाज सुरू व्हायचा. मांडवातले बाकीचे तिची ओळ संपेपर्यंत थांबत, हा तेवढा आधीच घुसायचा. जवळपास प्रत्येक ओळीचं शेपूट त्याच्या आवाजाखाली चिरडलंय, असं आम्हाला वाटलं. 'त्या गाणी चढवणाऱ्याला आपण शिव्या घालतोय,' मामा म्हणाला, 'आणि मी काय केलंय बघ.' त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला, स्वतःला त्या टेपमधून काढून टाकायचं. रोज फोन. 'आवाज पुसणारं काही मिळालं का गं?' मिळालं. सॉफ्टवेअरला आपण एखादा आवाज दाखवून सांगू शकतो की हा नको, मग ते त्याच्यासारखं जे जे असेल ते धुऊन काढतं. मी मामाचा आवाज दाखवला. मामा गेला, त्याच्याबरोबर सगळा मांडवही गेला. उरली एकटी सुजाता, ओळीमागून ओळ म्हणणारी, आणि तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मला तो ऐकवेना. मामाने मात्र हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला आणि विचारलं, 'शब्द कळतायत ना? वहिनींच्या त्या कानाला कळतील ना? मग हेच दे.'

आणखी एका जागेवरून आमचं भांडण झालं. वंदनेच्या मध्यावर मामा फारच आधी घुसला, तेव्हा सुजाताने डोळे उघडले आणि सरळ कॅमेऱ्यात बघून ती म्हणाली, 'काका, माझं होऊ द्या ना आधी. पाणी जाणारे का तुमचं?' सगळा मांडव हसला. मामा म्हणाला, 'तेवढं काप.' मी म्हटलं, नाही कापणार. खरं आहे ते, घडलंय ते. जे खरं बोललं गेलं ते आपणच कापायला लागलो तर आपल्यात आणि त्या गाणीवाल्यात फरक काय? तो चिडला नाही. थकल्यासारखा म्हणाला, 'ती सभा नाही गं, वंदना आहे. वहिनी पोरीची वंदना ऐकायला बसणार, आणि मध्येच माझी फजिती? त्यांना वाटेल, या माणसानं त्या दिवशीही तिला नीट बोलू दिलं नाही.' त्याच्या कपाळावर घाम होता. मला तेव्हा त्याच्याशी वाद घालायची भीती वाटली. मी कापलं.

पुढे डिस्कने छळलं. पहिली डिस्क मामा स्वतः मावशींच्या घरी घेऊन गेला, तर प्लेअरने ती ओळखलीच नाही. मावशींना वाटलं आपल्याच हातून काही चुकलं, त्यांनी ती पदराने पुसून पुसून चार वेळा घातली. मामा घरी येऊन आडवा झाला. नुसती फाइल डिस्कवर टाकून चालत नाही, घरातल्या प्लेअरला कळेल अशी रचना करून द्यावी लागते आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे मला तेव्हा कळलं. तेही खुलं असलेलं मिळालं. मग कोऱ्या डिस्क मिळेनात. दुकानदार हसायचे. मालाडच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात धुळीने भरलेला डबा मिळाला, त्यातल्या निम्म्या डिस्क अर्ध्यावर मान टाकायच्या. मामा फोनवर विचारायचा, 'किती झालं?' मी सांगायचे. 'वहिनी काल तिसऱ्या हाकेला वळल्या,' तो सांगायचा. शेवटी ती एक डिस्क पूर्ण झाली, ती नेमकी त्या सकाळी.

मामाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्यासाठीच्या वंदनेला, वसाहत लोटली होती. मावशी पुढेच बसल्या होत्या, पण लोक काय बोलतायत ते त्यांना कळत नसावं, त्या नुसत्या मामाच्या फोटोकडे बघत होत्या. त्यानंतर मी घरी आले आणि ती डिस्क हातात घेऊन बसले. मूळ फाइल मी पुसली नव्हती, तशी पुसायची नाही हा माझा नियम आहे. मामाचा शब्द पाळायचा तर डिस्क तयार होती. पण ती लावून पाहिली की मी मध्येच बंद करायचे. त्याने स्वतःला पुसलं होतं आणि आता तो खराच नव्हता. दुसरीकडे हेही वाटे की मला मामा परत हवाय म्हणून मी मावशींच्या वाटणीला हात घालते आहे का? आवाज त्यांच्या मुलीचा, कान त्यांचे, आणि वेळही त्यांचीच संपत आलेली. मी दुसरी डिस्क मारली, काही न पुसता, काही न कापता. दोन्ही घेऊन मुलुंडला गेले. मामीला सोबत घेतलं.

मावशी टीव्हीला जवळजवळ चिकटून बसल्या, चांगला कान पुढे करून. मी त्यांना मोठ्याने सगळं सांगितलं, की मामाने त्याचा आवाज काढायला सांगितला होता आणि एक जागा कापायला सांगितली होती. 'आधी यशवंताची लाव,' त्या म्हणाल्या. लावली. सुजाता बोलू लागली. मावशींचा हात आपोआप काचेवर गेला, मुलीच्या गालावर. त्यांचे डोळे वाहत होते. वंदना संपली तेव्हा त्या म्हणाल्या, 'आवाज तिचाच आहे गं. पण तिच्या मागनं कुणीच कसं म्हणत नाही? आमच्या लग्नाला काय माणसं नव्हती?' मामीने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी घातली.

या वेळी मांडव होता. गलका, पोरांची रडणी, भांड्यांचा आवाज आणि त्यात सुजाता, आणि तिच्या ओळीवर चढणारा मामा. मावशी पुढे झुकून कान देत राहिल्या. शब्द निसटतायत हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मी मनात मामाची माफी मागत होते, तुझंच बरोबर होतं रे. मग ती जागा आली. 'काका, माझं होऊ द्या ना आधी. पाणी जाणारे का तुमचं?' मावशींनी झटक्यात माझा हात पकडला. 'काय म्हणाली? परत लाव.' परत लावलं. त्यांना कळलं. त्या हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत, आणि मामीकडे वळून म्हणाल्या, 'अशीच बोलायची गं कार्टी. वंदना काय, सगळ्यांनाच येते. हे माझ्या पोरीचं बोलणं.' मग पुन्हा लावलं, पुन्हा. दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा मामीने बोट वर केलं आणि मला गप्प राहायला सांगितलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या पुढचं नीट ऐकलं. सुजाताने दटावल्यावर हशा होतो, कॅमेरा थोडा हलतो, आणि मामा अगदी लहान आवाजात म्हणतो, 'बरं बाई, बोल.' त्यानंतर वंदना संपेपर्यंत तो तिच्या एकाही ओळीवर चढलेला नाही. मामाने आणि मी महिनोन्‌महिने त्या फाइलीत डोकं घातलं, पण आम्ही फक्त चिरडलेल्या ओळी शोधत होतो, म्हणून हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मामाची डिस्क मावशींनी मला परत दिली. दुसरी त्यांच्या प्लेअरमध्येच असते. मामी सांगते, दिवेलागणीला शेजारून आवाज सुरू होतो, टीव्ही इतका मोठा की भिंत ऐकते. मी गेल्या आठवड्यात गेले तेव्हा मावशींनी मलाही बसवून घेतलं. त्यांना आता बरंचसं ऐकू येत नाही, बाकीचं त्या ओठांवरून भरून काढतात. दटावून झालं की त्या माझ्याकडे बघून मान हलवतात. मग सुजाता पुढची ओळ म्हणते, पूर्ण. मांडव ती ओळ तिच्यामागून म्हणतो. मांडवाचं म्हणून संपतं, क्षणभर काही नसतं... आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, घोगऱ्या आवाजात, सगळ्यांच्या नंतर एकटाच, दबकत दबकत मामा म्हणतो. प्रत्येक ओळीला असंच. शेवटची ओळ संपून मांडव शांत झाला तेव्हा मी उठायला निघाले. मावशींनी मला हाताने खाली बसवलं. रिमोट त्यांच्या हातात होता, पण त्यांनी बटण दाबलं नाही. 'थांब की,' त्या म्हणाल्या. 'यशवंताचं व्हायचंय अजून.'